पाण्यावरची खोली आणि पानशेतची लाँच

भोरच्या एसटी स्टँडसमोरच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर, एक छोटं ट्रॅव्हल ऑफिस आहे. नोव्हेंबरातल्या एका सोमवारी आम्ही नवरा-बायको तिथं बसलो होतो आणि समोरचा तरुण मोठ्या स्क्रीनवर आम्हाला एक खोली दाखवत होता. खोली समुद्रात होती. समुद्राकाठी नव्हे, समुद्रात. लाकडी खांबांवर उभी. पलंगाशेजारी जमिनीला काच बसवलेली आणि काचेखालून मासे चाललेले. मागच्या दाराबाहेर चार पायऱ्या, त्या थेट पाण्यात उतरणाऱ्या.

"जमीन कुठंय?" मी विचारलं.

"जमीन कशाला लागते सर?" तो हसला. "हनिमून आहे. काही करायचं नाही, पाय सोडून बसायचं. विमानतळावर उतरलात की स्पीडबोट. पाऊण तासात खोलीत."

वृषाली स्क्रीनकडे वाकून बघत होती. "अहो, बघा ना, तळ दिसतोय," ती म्हणाली. मी टेबलाखाली दोन्ही तळहात पँटला पुसले आणि म्हणालो, "एक नंबर आहे."

आता थोडं थांबून सांगायला हवं. या ब्लॉगचे जुने वाचक मला गडांमुळे ओळखतात. कापूरहोळच्या फाट्यावर माझं टायरचं दुकान आहे, सोमवारी ते बंद असतं, आणि सोमवारी मी कुठल्या ना कुठल्या डोंगरावर असतो. तोरण्याच्या झुंजार माचीवर उतरतानाचे माझे फोटो तुम्ही पाहिलेत. "दादा, तुम्हाला भीती कशी वाटत नाही?" असं खाली बरेच जण लिहितात. मी आजवर त्यांना हाताच्या अंगठ्याचं चित्र पाठवत आलोय.

मला पाण्याची भीती वाटते. साधीसुधी नाही. मी नऊ वर्षांचा असताना किकवीच्या आमच्या मळ्यातल्या विहिरीत चुलत्यांनी मला पोहायला शिकवायला ढकललं. कमरेला दोर होता, पाठीला पत्र्याचा रिकामा डबा. दोराची गाठ सुटली आणि डबा निसटून वर गेला. खाली जाताना सगळं हिरवं होत गेलं आणि मग काळं. चुलत्यांनी उडी मारून केसांना धरून काढलं. घरी कुणी फार बोललं नाही. पोरं अशीच शिकतात म्हणाले. मी शिकलो नाही. त्यानंतर विहिरीच्या काठावर गेलो नाही, नदीत उतरलो नाही, आणि नीरेच्या पुलावरून गाडी चालवताना आजही समोरच्या वाहनाच्या नंबरप्लेटवर नजर ठेवतो.

आणि हे मी वृषालीला सांगितलं नव्हतं. लग्नाला सहा महिने झाले होते. तिला बघायला पहिल्यांदा गेलो तेव्हा तिच्या बहिणींनी माझे गडावरचे फोटो आधीच बघून ठेवले होते. त्या कौतुकानंतर कुठल्या तोंडाने सांगणार? बरं, तिचं माहेर पानशेतच्या धरणापलीकडे. गावातली माणसं लाँचने ये-जा करतात. मी दोनदा सासुरवाडीला गेलो, दोन्ही वेळा धरणाला वळसा घालून, मोटारसायकलवर. "रस्ता भारी आहे, गाडी चालवायला मजा येते," असं सांगून.

ट्रॅव्हलवाल्याने दोन आठवड्यांची मुदत दिली. फेब्रुवारीतली खोली धरून ठेवतो म्हणाला. त्याच रात्री वृषाली म्हणाली, "परदेशात जायच्या आधी आईकडे जाऊन येऊ. देवाला नारळ देऊ, पासपोर्ट दाखवू तिला. तिनं कधी पाहिला नाहीये." मग सहज म्हणाली, "यावेळी लाँचनंच जावं लागेल हं. पलीकडच्या रस्त्यावरचा पूल खोदून ठेवलाय, गाडी जात नाही."

मी मनात हिशेब केला. लाँचला वीस-पंचवीस मिनिटं. तेवढं जमलं तर पाऊण तास जमेल. नाही जमलं तर, तर काय, ते मी ठरवलंच नाही. निघायच्या आदल्या दिवशी दुकानातून स्कूटरची एक नवी ट्यूब घेतली, अर्धी हवा भरली, घडी घालून बॅगेच्या तळाशी ठेवली आणि वर टॉवेल टाकला.

पहाटे साडेसहाला किकवीतून निघालो. डिसेंबर लागला होता, हायवेवर धुकं आणि ट्रकचे पिवळे दिवे. कापूरहोळला माझ्या बंद शटरसमोरून गेलो, चेलाडी फाट्याला आत वळलो. नसरापूरच्या बाजारात गरम वडापाव मिळतो तिथं थांबा. पुढं वेल्ह्यापर्यंत सकाळी सगळं उघडं असेलच असं नाही. वेल्ह्याचा रस्ता आता बराच चांगला आहे, मार्गासनीच्या पुढे थोडे खड्डे. ऊन यायच्या सुमाराला धुक्यातून आधी राजगड वर आला, मग तोरणा. एरवी मी इथं गाडी थांबवून दहा फोटो काढतो. त्या दिवशी एकही काढला नाही. मी तोरण्याकडे बघत होतो आणि मला एवढंच वाटत होतं की हा डोंगर किती घट्ट उभा आहे.

वेल्ह्यात चहा घेतला. टपरीवाला ओळखीचा. "आज जोडीनं? गडावर का?"

"नाही, पानशेतला. लाँचनं पलीकडं," वृषाली म्हणाली.

"वारं हाय बरं का दोन दिस," तो म्हणाला. "दुपारच्याला लई सुटतं. सकाळचीच धरा."

सकाळची लाँच धरायची तर घाई करायला हवी होती. मी केली नाही. कादवे खिंडीतला रस्ता अरुंद आहे, वळणं तीव्र आहेत, तिथं सावकाश जाणं शहाणपणाचं, हे खरंच; पण मी त्याहूनही सावकाश गेलो. एका ठिकाणी चाकातली हवा तपासतो म्हणून उतरलो. टायरवाला आहे, कुणाला शंका येणार? पानशेतला पोचलो तेव्हा सकाळची लाँच सुटून गेली होती. पुढची दोनला.

म्हणजे वारं सुटतं तेव्हाची. ती मीच ओढवून घेतली.

धरणाजवळच्या एका खानावळीत गाडी लावली. तिथं तळलेली चिलापी मासळी आणि तांदळाची भाकरी फार चांगली मिळते. वृषालीने चवीने खाल्लं. मी भाकरीचे तुकडे करत बसलो. बाजूच्या टेबलावर पुण्याहून आलेला एक ग्रुप मोठ्याने हसत होता. खानावळीच्या मागे, झाडांच्या फटीतून पाणी दिसत होतं. धरण काठोकाठ होतं. पाण्यावर बारीक बारीक सुरकुत्या पळत होत्या, सगळ्या एकाच दिशेने.

"बरं नाही का वाटत?" वृषालीने विचारलं.

"ॲसिडिटी," मी म्हणालो.

लाँच म्हणजे काय ते आधी डोळ्यासमोर आणा. लोखंडी होडी, वर पत्र्याचं छप्पर, दोन्ही बाजूंना बसायच्या फळ्या, मध्ये डिझेलचं इंजिन आणि त्याच्यापाशी उभे लाँचवाले बबनतात्या. भाडं माणशी तीस रुपये, उतरताना द्यायचं. आम्ही धरून नऊ माणसं होती. तांदळाची दोन पोती, एक गॅसची टाकी. समोरच्या फळीवर तान्हं बाळ घेतलेली एक बाई. माझ्या शेजारी एक म्हातारी, नऊवारी नेसलेली, औषधाची पिशवी मांडीवर. तिचं नाव जनाआजी हे मला नंतर कळलं.

"पाव्हणं, बॅग फुडं टाका," बबनतात्या म्हणाले. "मधी वज्जं नगं."

मी बॅग दिली. ट्यूब असलेली बॅग पुढच्या टोकाला पोत्यांवर गेली. काठ सोडला आणि पहिल्या हिसक्याला मी बसायची फळी दोन्ही हातांनी धरली.

मी जे जे करायचं ठरवलं होतं ते केलं. श्वास मोजले. पलीकडच्या डोंगरावरचं एक झाड धरून ठेवलं. वृषाली काहीतरी दाखवत होती, शाळेत असताना त्या टोकाला उतरायचो वगैरे. मी मान हलवत होतो. दहा मिनिटं गेली असतील. धरणाच्या मधोमध, जिथं दोन्ही काठ सारखेच लांब, तिथं इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

इंजिन बंद पडल्यावर पाण्याचा आवाज येतो. तोवर तो आवाज आहे हेच कळलेलं नसतं. लाटा पत्र्यावर थपडा मारत होत्या. लाँच हळूहळू आडवी झाली आणि वाऱ्याने ती बाजूने हलवायला सुरुवात केली. माझी बाजू खाली, समोरची वर. मग समोरची खाली.

"काय न्हाई, हवा धरली पाइपात," बबनतात्या म्हणाले आणि पाना घेऊन खाली वाकले. "बसून ऱ्हावा समद्यांनी."

लोक बसून राहिले. कुणीतरी मोबाईल काढला. मला मात्र पाणी पत्र्याच्या कडेवरून आत येताना दिसलं. आलं नव्हतं. वृषाली म्हणते थोडे शिंतोडे आले तेवढेच. पण मला दिसलं. मी तिचं मनगट धरलं. किती जोरात ते मला कळलं नाही. लग्नातल्या हिरव्या बांगड्या होत्या. कट्‌कट् आवाज झाला, तिने "आई गं" केलं, आणि तरी मी सोडलं नाही.

मग मला ते नारिंगी दिसलं. जनाआजी एका लाइफ जॅकेटवर बसली होती. घडी घालून, उशीसारखं. लाँचमध्ये अशी दोनच जॅकेटं होती. दुसरं इंजिनाच्या झाकणाला बांधलेलं होतं.

पुढचं लिहायला मला चार दिवस लागले. मी उठलो आणि ते जॅकेट म्हातारीच्या खालून ओढलं. ती कलंडली, तिचं कोपर फळीवर आपटलं, औषधाच्या पट्ट्या खाली सांडल्या. मी काय म्हणालो मला आठवत नाही. वृषाली म्हणते, काहीच म्हणालो नाही. मी जॅकेट अंगात घातलं. पट्टे लागत नव्हते, तरी लावले. लावून झाल्यावर मान वर केली तेव्हा समोरची बाई माझ्याकडे बघत होती. तिने बाळाला पदराखाली घट्ट धरलं होतं. वृषाली खाली वाकून आजीच्या गोळ्या गोळा करत होती आणि तिच्या मनगटावरून रक्ताचा एक ओघळ तळहातात उतरला होता.

इंजिन चालू झालं. किती वेळाने? मला विचाराल तर तासाने. बबनतात्या म्हणतात, सात-आठ मिनिटं.

पलीकडे उतरल्यावर जॅकेट काढून बबनतात्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते इंजिनावर टाकलं आणि भाड्याचे पैसे मोजत राहिले. बाळाची आई भराभर चढण चढून गेली. जनाआजी मागे होती. ती वृषालीच्या हाताकडे बघून म्हणाली, "बांगड्या वाढवल्या व्हय गं? घरी गेल्यावं हळद दाब त्येच्यावर." मग माझ्याकडे न बघता निघाली. तिने दुसऱ्या हाताने कोपर धरलं होतं.

घर चढणीवर पंधरा मिनिटं. वृषाली पुढं चालत होती, मी बॅग घेऊन मागं.

सासरे अंगणात भात वाळवत होते. मी त्यांना मामा म्हणतो, सासूबाईंना मामी. मामींनी पाय धुवायला पाणी दिलं आणि लेकीचा हात बघितला. "हे गं काय?"

"लाँच हलली, फळीवर हात आपटला," वृषाली म्हणाली. ती माझ्यासाठी खोटं बोलली. मला त्या क्षणी बरं वाटलं, हेही लिहून टाकतो.

मग ती आईसाठी आणलेली पेढ्यांची पुडी काढायला बॅग उघडायला गेली. टॉवेल बाहेर आला, पुडी बाहेर आली आणि तिच्यापाठोपाठ ती काळी ट्यूब, अर्धी फुगलेली.

मामांनी ती उचलून उलटसुलट केली. "ही कशाला आनली, पाव्हणं? कुनाची गाडी बसलीया का?"

वृषाली ट्यूबकडे बघत होती, मग माझ्याकडे. सगळं तिच्या चेहऱ्यावर एकेक करून जुळताना मला दिसलं. दोन वेळा घातलेला वळसा. चाकातली हवा. ॲसिडिटी.

"ती घरात ठेवा बाबा," ती म्हणाली. "शेजारच्यांच्या स्कूटरला होईल."

ऊन डोंगरामागे गेल्यावर ती मला गोठ्यामागच्या बांधावर घेऊन गेली. तिथून धरण दिसत नाही. "कधीपासून?" तिने विचारलं. मी विहिरीचं सगळं सांगितलं. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. वीस वर्षं न सांगितलेली गोष्ट एवढीशी निघाली.

"भीतीचं काही नाही हो," ती म्हणाली. "मला विमानाचीच वाटतेय. पण तुम्ही भोरमध्ये 'एक नंबर' म्हणालात. मी त्याच दिवशी आईला फोन करून सांगितलं, यांनाही लई आवडलंय." मग तिने मनगटावरचा फडका नीट केला. "आणि मघाशी... तिकडं समुद्रात असं काही झालं असतं आणि एकच जॅकेट असतं, तर..."

मला उत्तर येत नव्हतं. अजूनही येत नाही, आणि लाँचपेक्षा मला आता त्याची जास्त भीती वाटते.

"तुला तिथं जायचंय ना पण?" मी विचारलं.

"जायचंय," ती म्हणाली. "मी जन्मल्यापासून हे पाणी बघतेय. ह्यात हात घातला तर कोपरापुढं दिसत नाही. मला एकदा तळ दिसणारं पाणी बघायचंय. तुम्हाला भीती वाटते म्हणून मला नकोसं झालंय, असं मी म्हणणार नाही."

रात्रीच्या जेवणाला इंद्रायणीचा भात होता, वालाची आमटी, नाचणीची भाकरी. मामींनी पासपोर्ट हातात घेऊन फोटो बघितला आणि "ह्यात गं तू हसली का न्हाईस?" म्हणाल्या. सगळे हसले. मला ते सगळं एका जाड काचेपलीकडून ऐकू येत होतं. झोपताना एकच गोष्ट डोक्यात होती: उद्या परत त्याच पाण्यावरून जायचंय.

सकाळी देवाला नारळ दिला आणि मी वृषालीला म्हणालो, मला जनाआजीच्या घरी जायचंय. ती सोबत आली नाही. "तुमचं तुम्ही जा," म्हणाली. गाव पंचवीस-तीस घरांचं, घर सापडायला वेळ लागला नाही. जनाआजी ओट्यावर सुपात तांदूळ निवडत बसली होती. कोपर सुजलं होतं, त्यावर हळद आणि चुन्याचा लेप.

मी उभाच राहिलो. "आजी, काल मी... चुकलो. मला पाण्याची भीती वाटते."

तिने सूप खाली ठेवलं. "मंग? भ्या मलाबी वाटतं की."

"तुम्हाला? तुम्ही तर नेहमी जाता."

"म्हैन्याला जाते. बीपीची गोळी पलीकडं मिळती. हितं कुठं मिळती?" तिने एक खडा उचलून अंगणात टाकला. "माजा धाकला भाऊ ह्याच पान्यात गेला. म्हशीमागं गेला हुता. तवापून मला लाँचीत बसलं की पोटात गोळा येतो. रामराम म्हनत बसते. काय करायचं? गोळी तर लागतीच."

तिने आणखी दोन खडे काढून टाकले. मग म्हणाली, "त्ये जाकीट अंगात घालायचं असतंय व्हय? म्या आपली मऊ लागतं म्हनून त्येच्यावं बसते." आणि मग पहिल्यांदा माझ्या डोळ्यात बघून, अगदी सरळ, "पर असं माणसाला ढकलू न्हाई, लेकरा. बाळ हुतं तितं."

"हो," मी म्हणालो.

तिने चहाचं विचारलं नाही. मी नमस्कार केला. तिने सुजलेला हात तसाच ठेवून दुसरा हात माझ्या डोक्याला लावला आणि पुन्हा सूप घेतलं.

नऊची लाँच होती. धुकं होतं, वारा अजिबात नव्हता, पाणी तव्यासारखं सपाट. बबनतात्यांनी माझ्याकडे बघितलं आणि न विचारता इंजिनावरचं जॅकेट पुढे केलं. मला ते हवं होतं. माझा हात त्या बाजूला गेलाही होता. एक म्हातारा चढत होता, काठी टेकत. मी म्हणालो, "त्यांना द्या." म्हातारा म्हणाला, "मला कशाला?" आणि जॅकेट कुणीच घातलं नाही, परत इंजिनावर गेलं.

तुम्हाला वाटत असेल की त्या वेळी भीती गेली. नाही गेली. अर्ध्या वाटेत धुक्यात दोन्ही काठ दिसेनासे झाले आणि मला घाम फुटला, डिसेंबरात. मी छपराचा लोखंडी खांब दोन्ही हातांनी धरला होता; वृषालीचा हात धरायची माझी हिंमत नव्हती. ती शेजारी बसली होती, थोडं अंतर ठेवून. इंजिनाचा आवाज जराही बदलला की माझ्या सगळ्या अंगाचे कान व्हायचे. काहीच झालं नाही. बावीस मिनिटांत काठ आला. उतरल्यावर मी एका दगडावर बसलो. वृषाली समोर उभी राहिली, मग पाण्याची बाटली दिली.

"उलटी येतेय का?"

"नाही."

"मग चला. खिंडीत ऊन व्हायच्या आत."

परतीला वेल्ह्यात जेवलो. तिने स्वतःच विषय काढला. पाण्यावरची खोली नको. पण बेट हवं, तिथला किनारा हवा, आणि तिला पोहायचंय. ती लहानपणापासून पोहते हेही मला त्या दिवशी कळलं. मी कधी विचारलंच नव्हतं.

चार दिवसांनी पुन्हा भोर, पुन्हा त्याच खुर्च्या. ट्रॅव्हलवाल्याने विचारलं, "मग, फायनल?" मी म्हणालो, "मला पाण्याची फार भीती वाटते. आम्हाला जमिनीवरची खोली दाखवा." परक्या माणसापुढे हे बोलताना कान तापले. तो अजिबात हसला नाही. "सर, आधी बोलायचं ना," म्हणाला आणि नारळीच्या झाडांत असलेल्या खोल्या काढल्या, दारापासून समुद्र चांगला लांब. "पण बोट चुकणार नाही हं. मोठी आहे, जॅकेट प्रत्येकाला. तरी पाऊण तास आहेच."

वृषालीने माझ्याकडे बघितलं. मी बराच वेळ त्या स्क्रीनवरच्या निळ्याकडे बघत बसलो आणि मग म्हणालो, "बसेन."

तुमच्यापैकी जे असाच बेत करताय त्यांना माझ्याकडून एवढंच: पॅकेज बघायला जायच्या आधी घरी बसून एकमेकांना विचारा की कशाची भीती वाटते. कुणाला विमान, कुणाला उंची, कुणाला परकं अन्न. आरामाच्या सहलीत आराम कुणाला होणार आणि जीव कुणाचा टांगणीला लागणार, हे फोटोंवरून कळत नाही.

मागच्या सोमवारी आठ जॅकेटं विकत घेऊन पानशेतला गेलो होतो. बबनतात्यांनी ती छपराला आडवी दोरी बांधून लटकवली. लाँचने पलीकडे गेलो का? हो, गेलो आणि आलो. दोन्ही वेळा खांब धरून. आता भीती कमी वाटते असं सांगायला मला आवडलं असतं.

ही पोस्ट मी आधी वेगळी लिहिली होती. त्यात इंजिन बंद पडलं होतं, वारा होता, मी घाबरलो होतो आणि मग आम्ही पोचलो होतो. टाकायच्या आधी वृषालीला वाचायला दिली. तिने ओट्यावर बसून शेवटपर्यंत वाचली आणि फोन परत दिला.

"आजी कुठंय ह्यात?" तिने विचारलं.

मी म्हणालो, लोक वाचतात, दुकानावर येणारेही वाचतात, ते कशाला.

"मग टाकू नका," ती म्हणाली आणि कणीक मळायला आत गेली.

चार दिवसांनी मी तो भाग लिहिला आणि आत जाऊन तिला वाचून दाखवला. ती पोळी लाटत होती. वाचून झालं तरी लाटणं थांबलं नाही. मग म्हणाली, "बाळाचं पण लिहिलंत, बरं केलंत," आणि तव्यावरची पोळी माझ्या ताटात टाकली.